दांड्यावरची टोपी

मंडळी, बसून घ्या. ओट्यावर जागा आहे. भाताच्या पोत्यांवर बसलात तरी चालेल, आज गिरणी बंदच आहे. मुरबाडची मंडळी गाड्या जुंपून उन्हातून आलीत, त्यांना जरा सावलीत सरकू द्या. आणि दारापाशी जो उभा आहे त्याला कुणी बाहेर काढू नका. मी बघतोय इथून. महादू, तू जायचं नाहीस. तिथेच बस.

मी विष्णू. रघुनाथदादांचा धाकटा भाऊ. शहापूरकरांना हे सांगायची गरज नाही, पण तिकडच्या बऱ्याच जणांनी आमच्या वीज कंपनीतलं एकच तोंड पाहिलंय, ते दादांचं. दादा खांबावर वीज लागून गेले, त्याला आज चौदा दिवस झाले. काल तेरावं झालं. दादांना मूलबाळ नाही, तेव्हा अग्नी मीच दिला. काल सोयऱ्यांनी माझ्या डोक्यावर ही नवी टोपी घातली, आता घरचा कर्ता तू म्हणून. तेव्हापासून ही टोपी मला चावतेय.

आत्ता हेडमास्तर बोलले, डॉक्टर बोलले, छान बोलले. मला तसं बोलता येत नाही. मी तापट माणूस. या पटांगणात माझा आवाज सगळ्यांनी ऐकलाय, आणि काहींनी माझ्या शिव्यासुद्धा ऐकल्यात. पण आज तोंडातून शब्द फुटत नाही. त्याचं कारण नुसतं दुःख नाही. ते कारण सांगायलाच मी उभा राहिलोय. मला मधे थांबवू नका, हात जोडतो. थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही.

आधी दादांचं सांगतो.

हीच गिरणी. वडील गेले तेव्हा तेलावरचं एक इंजिन आणि आम्ही दोघे भाऊ, एवढंच मागे राहिलं. दिवसभर भात सडायचं, चार वाजले की इंजिन बंद. दादा त्या बंद इंजिनाकडे बघत बसायचे. म्हणायचे, "विष्णू, याला बसवून ठेवलेलं मला बघवत नाही रे." एक दिवस मुंबईला गेले आणि कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातला जुना डायनामो घेऊन आले. आसनगाव स्टेशनात तो उतरवला, तिथून बैलगाडीने. ओढ्यात गाडी रुतली. बैल खाली बसले. दादांनी धोतर खोचलं, चाकाला खांदा लावला आणि चिखलाने माखून घरी आले. आई दारात उभी. म्हणाली, "नवरी आणल्यासारखी वाजतगाजत आणलीस रे बाबा, पण ही बया करणार काय?"

हसा. हसायला हरकत नाही. दादा पण हसले होते.

त्या बयेने काय केलं ते तुम्ही पाहिलंत. आधी या पटांगणात एक दिवा लागला. मग बाजारात. मग शाळेत, मग दवाखान्यात. लोक म्हणायचे, तारांमुळे भाताचा कस जाईल, म्हशी आटतील. म्हशी आटल्या नाहीत. बाजारपेठेतले दुकानदार, जे आधी आमच्याकडे बघून नाक मुरडायचे, तेच मग माझ्या दारात यायला लागले, "भाऊ, आमच्याकडे कधी ओढताय तार?" मला हे आवडायचं. खोटं कशाला बोलू? लोक आमच्या दारात येतात हे मला फार आवडायचं.

दादांना खांब आवडायचे. ऐनाच्या झाडाचा सरळ सोट बघितला की त्यांचा हात त्यावरून फिरायचा. वाफे गावाच्या रस्त्याला गंगीआजीचं भाताचं खाचर आहे. तिथून तार न्यायची होती. म्हातारी आडवी पडली. "माजे खाचरात खांब नाय रोवायचा. नांगर काय तुज्या डोक्यावरून वळवू?" मी तिथे जाऊन भांडलो. कागद दाखवले, सरकारची परवानगी दाखवली. म्हातारी कागदावर थुंकली. दुसऱ्या दिवशी दादा गेले. तिच्या बांधावर बसले, तिची नाचणीची भाकर खाल्ली, आणि मग नांगर धरून तिच्याबरोबर खाचरात चार तास घातले. बैल कुठे वळतो ते पायाने बघितलं. आणि खांब बांधाच्या टोकाला घेतला. एक खांब जास्त लागला, तार जास्त लागली. मी चिडलो. दादा म्हणाले, "विष्णू, तुला खांब रोवायचाय, मला तो तिथे राहायला हवाय." गंगीआजी, आल्येयस ना? हां. तिथे बसल्येय बघा.

आता दांड्याचं सांगतो. हे नीट ऐका. सगळं यावरच आहे.

हे पलीकडचं खोलीवजा बांधकाम म्हणजे आपलं पॉवर हाऊस. आत भिंतीवर मोठा स्विच आहे. त्याला लाकडी मूठ आहे, आपण सगळे त्याला दांडा म्हणतो. दांडा वर केला की बाजारात वीज, खाली केला की बंद. पहिल्या वर्षी दादा बाजारात खांबावर चढले होते आणि इकडे कुणीतरी दांडा वर केला. त्या दिवशी हात भाजला, एवढ्यावर निभावलं. दादांनी कुणी केलं म्हणून विचारलं नाही. दोन दिवस नुसते विचार करत होते. कुलूप लावावं, तर किल्ली हरवते. चिठ्ठी लावावी, तर महादूला वाचता येत नाही. माणूस बसवावा, तर माणूस चहाला जातो. तिसऱ्या दिवशी डोक्यावरची काळी टोपी काढली, दांड्याच्या मुठीला अडकवली आणि म्हणाले, "झालं. हेच कुलूप."

तेव्हापासून नियम एकच. जो खांबावर चढणार, त्याने आपल्या हाताने दांडा खाली घ्यायचा आणि आपल्या डोक्यावरचं काढून दांड्यावर अडकवायचं. टोपी असेल टोपी, मुंडासं असेल मुंडासं. खाली उतरला की आपल्याच हाताने काढून घ्यायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. दांड्यावर काही आहे, म्हणजे माणूस वर आहे. दांडा मोकळा, म्हणजे माणूस खाली आला. बस्स.

आणि हा नियम चालला. इतकी वर्षं चालला. का चालला? कारण आपल्याकडे माणूस काय वाटेल ते करील. रानातलं लाकूड तोडील, शेजाऱ्याचा बांध कोरील, भावाला कोर्टात खेचील. पण दुसऱ्याच्या डोक्यावरच्या टोपीला हात घालणार नाही. तो हात टोपीला लागत नाही, इज्जतीला लागतो. दादांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी लोखंडाचं कुलूप आणलं नाही.

आमची कंपनी कशी वाढली म्हणून कुणी विचारलं, तर मी त्या दांड्याकडे बोट दाखवीन. आधी त्यावर एकच टोपी असायची, दादांची. मग दादांची आणि एक मुंडासं. मग कातकरवाडीतले दोघे शिकले, त्यांची फडकी आली. लढाईच्या आदल्या वर्षी दुसरं इंजिन बसवलं तेव्हा तर दांडा दिसायचाच नाही, नुसता डोक्यावरच्या कापडांचा ढीग. बाजारातल्या बाया खांबाकडे बघून म्हणायच्या, "कंपनीची बोडकी चढली गो, आता दळण नाय व्हायचं."

मग लढाई आली. तेल मिळेना. तांब्याची तार मिळेना. मी म्हणालो, बंद करू, लढाई संपली की बघू. दादा म्हणाले, "एकदा दिवा दिला की परत न्यायचा नसतो." त्यांनी कोळशाच्या धुरावर इंजिन चालवायचं काढलं. सिद्धगडाच्या बाजूने कोळशाची पोती यायची, मागे भट्टी लावली, आणि महादू तिच्यापुढे बसायचा. महादू आमचा इंजिनवाला. किन्हवलीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, भात झोडणीला आला होता तो इथेच राहिला. चार वर्षं त्याचं तोंड काळं ते काळंच. त्याची बायको म्हणायची, "माजा नवरा मी आवाजावरून वळखते." पण बाजारातला दिवा एक दिवस विझला नाही. मंद झाला, पिवळा पडला, विझला नाही.

महादूची एक गोष्ट सांगतो. बाजारात एका बड्या घरचं लग्न. मांडवात दिवे लावायचे होते. वरात दारात, वाजंत्री तयार, आणि वीज बंद. मी धावत आलो. दांड्यावर एक मुंडासं. लाइनवरचा माणूस केव्हाच उतरला होता आणि ओढ्यावर हातपाय धुवायला गेला होता, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी महादूला म्हणालो, "काढ ते मुंडासं, दे दांडा वर." तो म्हणाला, "भाऊ, ते माजं नाय." मी शिव्या घातल्या. हात उगारला. तो म्हणाला, "मारा. पण मी दुसऱ्याचे डोक्याला हात नाय लावायचा." तो माणूस ओढ्यावरून येऊन आपलं मुंडासं काढीपर्यंत वरात खोळंबली. दुसऱ्या दिवशी दादांनी महादूला आपल्या शेजारी पाटावर बसवून जेवायला वाढायला लावलं. वहिनींनी वाढलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. रागाने.

हा तो महादू. दारापाशी बसलाय तो. आणि तुम्ही गेले चौदा दिवस म्हणताय, याने दादांची टोपी काढून फेकली आणि दांडा दिला.

थांबा. कुणी उठू नका. बोलू द्या मला.

लढाई संपली आणि आम्ही मुरबाडचं काम हाती घेतलं. मुरबाडकर, तुम्ही जाणता. तिकडे वेगळं पॉवर हाऊस, वेगळं इंजिन. घाटावरून आणलं ते, त्याला रस्ता नव्हता तिथे तुम्ही रस्ता करून दिलात. खांब उभे केले, तारा ओढल्या, दुकानांतून दिव्यांच्या वायरी लटकल्या. सगळं झालं आणि एका सहीवर अडलं. लायसन्स पाहिजे. आणि सही करण्याआधी मुंबईचे साहेब शहापूरचं काम बघायला येणार होते. शहापूर नीट दिसलं तर मुरबाड मिळणार.

मंडळी, मला मुरबाड हवं होतं. दादांना दिवे हवे होते, मला मुरबाड हवं होतं. दोन तालुक्यांची कंपनी. मी मनात पाटीसुद्धा रंगवली होती.

त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना तंबी दिली. महादूला सांगितलं, "साहेब आले रे आले की बाजारात वीज चालू दिसली पाहिजे. एक मिनिट उशीर नको." हे मी सांगितलं. मी. आणि दादांना सांगितलं, आज कोट घाला. दादा म्हणाले, "वेशीजवळच्या खांबावरची तारेखालची चिनी मातीची वाटी तडकलीय. ती बदलतो, मग घालतो तुझा कोट." मी म्हणालो, उद्या बदला. ते म्हणाले, "साहेब दिसेल ते बघणार. तडकलेलं मला दिसलंय." आले, दांडा खाली घेतला, टोपी अडकवली आणि शिडी घेऊन गेले.

साहेब तासभर आधी आले. मोटार इथे पटांगणात थांबली. साहेब उतरले, इंग्रजीत म्हणाले, मालक कुठे आहेत? मी म्हणालो, लाइनवर आहेत, बोलावतो. ते म्हणाले, नको, आपणच जाऊ, काम करताना बघू.

मी मनाशी म्हणालो, आमचे मालक कसे आहेत वर? गुडघ्यापर्यंत धोतर, उघडं अंग, आणि डोकं बोडकं. मागे एकदा एक अधिकारी असेच आले होते तेव्हा दादा बोडक्या डोक्याने त्यांच्यासमोर गेले. अधिकाऱ्याबरोबरचा कारकून मला कानात म्हणाला होता, "घरात कुणी गेलंय का हो?" ते माझ्या डोक्यात होतं. आज मुरबाडची सही. आणि माझा थोरला भाऊ साहेबापुढे बोडका उतरणार, सुतक असल्यासारखा. मला ते सहन झालं नाही.

मी साहेबांना म्हणालो, एक मिनिट, आलोच. पॉवर हाऊसमध्ये गेलो. महादू मागे भट्टीत कोळसा घालत होता. आत कुणी नव्हतं. मी दांड्यावरची टोपी काढली.

मी काढली.

ऐकलंत ना? परत सांगतो. दादांची टोपी महादूने काढली नाही. मी काढली. या हाताने.

परक्याने ती काढली नसती. या तालुक्यातला एक माणूस तिला हात लावायला धजला नसता. मी सख्खा भाऊ, म्हणून माझा हात गेला. मला वाटलं, भावाचीच तर टोपी आहे, भावालाच तर नेऊन देतोय. पाच मिनिटांत ते खाली उतरतील, टोपी डोक्यावर घालतील, साहेबांना नमस्कार करतील. वेळ केवढा? इथून वेशीपर्यंत जायला लागतो तेवढा.

तुम्ही म्हणाल, मग स्वतःची टोपी काढून दांड्यावर का नाही अडकवलीस? अरे, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतोय. आणि उत्तर मला ठाऊक आहे, तेच तर वाईट आहे. माझा हात डोक्याकडे गेला होता. खरंच गेला होता. आणि मग मनात आलं, मी काढली तर मी बोडका दिसेन साहेबांपुढे. हात खाली आला. एवढंच झालं. एका टोपीसाठी, मंडळी. माझ्या डोक्यावरच्या टोपीसाठी.

मी आणि साहेब वेशीकडे चालत गेलो. मी पुढे, साहेब दहा पावलं मागे, दोन्हीकडची दुकानं बघत. दादा वर होते, पट्ट्याने खांबाला बांधलेले, दोन्ही हात तारांत. मी खालून हाक मारली, "दादा, साहेब आलेत, या खाली." त्यांनी खाली बघितलं. आधी हसले. मग माझ्या हातातली टोपी त्यांना दिसली.

तुम्ही सगळ्यांनी मला विचारलंत, दादा शेवटी काय बोलले. वहिनींनी विचारलं. मी म्हणालो, काही बोलले नाहीत. खोटं बोललो. दादा म्हणाले, "विष्णू, मग दांड्यावर काय आहे?"

दांड्यावर काही नव्हतं.

ते म्हणाले, "पळ."

मी पळालो हो. पळालो मी. पण इकडे महादू हात झटकत आत आला होता. पटांगणात साहेबांची मोटार. माझा हुकूम, की साहेब आले की वीज. त्याने दांड्याकडे बघितलं. दांडा मोकळा. म्हणजे दादा खाली आले. नियम तसाच आहे. महादूने नियम पाळला. त्या दिवशी कंपनीत नियम पाळणारा तो एकच माणूस होता. मी मिठाच्या दुकानापर्यंतही पोचलो नव्हतो आणि दुकानातला दिवा लागला.

मी वळून बघितलं नाही. दिवा बघितला आणि मला कळलं.

मग लोक धावले, आरडाओरडा, दांडा पाडला, शिडी लावली. त्या गडबडीत टोपी माझ्या कोटाच्या खिशात गेली. कशी गेली मला आठवत नाही, असं म्हणणार होतो. आठवतं. मी कोंबली. साहेबांनी ती माझ्या हातात पाहिली होती, पण त्यांना आपली रीत काय ठाऊक? त्यांच्या लेखी ती नुसती टोपी. त्यांनी लिहिलं, इंजिन चालवणाऱ्या कामगाराचा निष्काळजीपणा. मालकांची व्यवस्था चांगली. असं लिहिलं त्यांनी. चांगली.

महादूला पोलिसांनी विचारलं. तो एकच वाक्य बोलत होता, "दांडा मोकळा होता." कुणाला पटेना. दादा दांड्यावर टोपी अडकवल्याशिवाय चढणार नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक. मग टोपी गेली कुठे? यानेच काढली आणि आता लपवली. फौजदार त्याच्या घरी गेले. मडकं न मडकं पालथं घातलं, कणगी उपसली, त्याच्या बायकोची ट्रंक अंगणात ओतली. टोपी शोधत होते. मी तिथे होतो, मंडळी. मी त्याच्या दारात उभा होतो आणि टोपी माझ्या खिशात होती.

तुम्ही त्याचं पाणी तोडलंत. त्याच्या पोराला शाळेतून परत पाठवलंत. मास्तर, मान खाली घालू नका, तुमचा दोष नाही. माझा आहे.

परवा महादू माझ्याकडे आला. मला वाटलं, सोडवा म्हणेल, वकील द्या म्हणेल. तो म्हणाला, "भाऊ, दांडा मी दिला. माजे हातानं दादा गेले, तेची जी काय शिक्षा असंल ती मी भोगीन. पण मी दादांचे टोपीला हात लावला असं तुमी तरी म्हणू नका. तेवढं नका म्हणू." आणि रडला. त्याला तुरुंगाचं काही नव्हतं. त्याला टोपीचं होतं.

आणि त्याच दिवशी टपाल आलं. मुरबाडचं लायसन्स आलं, मंडळी. सहीशिक्क्याचं. हे बघा, हे या खिशात. आणि ही... ही या खिशात.

ही बघा. ही दादांची टोपी.

वहिनी, तुम्ही रोज मला विचारत होता, "भावोजी, टोपी सापडली का? अस्थींबरोबर सोडायची होती." आणि मी रोज सांगत होतो, शोधतोय. तुमच्या हातचं जेवत होतो आणि सांगत होतो, शोधतोय. मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त सांगतोय, की ती तुमच्या दिराच्या खिशात होती.

मुरबाडकर, तुम्ही फार आशेने आला आहात. उद्या महादूला कोर्टात उभं राहायचंय. त्याच्या जागी मी उभा राहणार आहे. आत्ता बोललो ते सगळं लिहून देणार आहे, कोर्टाला आणि साहेबांनाही. त्यानंतर हा लायसन्सचा कागद राहील की जाईल, मला ठाऊक नाही. बहुतेक जाईल. तुमचे खांब उभे राहतील आणि दिवे लागणार नाहीत. तुम्ही मला शिव्या द्या. पण एका निरपराध माणसाच्या मानेवरून तार ओढून मी तुमच्याकडे दिवा आणणार नाही. दादांनी एका म्हातारीच्या नांगरासाठी खांब हलवला होता.

ही माझी टोपी. काल घातलेली. कर्त्याची. ही मी काढून ठेवतो. त्या दिवशी काढायची होती, आज काढतोय. बघा मला बोडकं. सगळे बघा.

आता शेवटचं. आपण दादांसाठी उभे राहू आणि गप्प राहू. पण ते इंजिन घुरघुरतंय, त्याच दांड्यावरचा हा वरचा दिवा जळतोय, हे असं नको. आधी दांडा खाली घेऊ आणि दादांची टोपी त्यावर अडकवू. नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्याची टोपी, त्यानेच काढायची. दादा काही यायचे नाहीत. म्हणजे तो दांडा पुन्हा वर जाणार नाही, मी असेन तोवर तरी नाही. बाजाराला वीज मिळेल, शेजारी दुसरा दांडा बसवू. हा दादांचा.

वहिनी, पण टोपी तुमची आहे. तुम्हाला ती नदीत सोडायची असेल तर तसं. तुम्ही म्हणाल ते.

वहिनी, उठू नका, मी आणून देतो... बरं. घ्या.

वाट द्या. वाट द्या त्यांना जरा. वहिनी, तिकडे कुठे? दाराकडे...

महादू, ऊठ. अरे ऊठ, असा पायावर काय पडतोस त्यांच्या? हात पुढे कर. दोन्ही हात कर. वहिनी देतायत ना तुला? घे. रडू नकोस, घे ती. माझ्या हाताने ती निघाली होती, माझ्या हाताने नको. तू लाव.

मंडळी, उभे राहा. महादू आत गेला. आता कुणी बोलू नका, मी पण गप्प बसतो. दिव्याकडे बघा. दिवा गेला, म्हणजे टोपी दांड्यावर लागली.